सर्व्हर त्यांचा, बिल्ड आपला

हे बघ, नव्या टीममध्ये गेल्यावर बिल्ड कसा होतो हे कुणाला विचारत बसू नकोस. रेपो क्लोन कर आणि आपल्याच लॅपटॉपवर एका कमांडमध्ये तो होतो का, ते बघ. होत नसेल तर त्या टीमने आपला बिल्ड गिटहबला नाहीतर गिटलॅबला आंदण दिलाय असं खुशाल समज. कंपाइल, टेस्ट, पॅकेज ही सगळी कामं रेपोतल्या स्क्रिप्टमध्ये किंवा मेकफाइलमध्ये हवीत. वायएमएल फाइलने त्या स्क्रिप्टला हाक मारायची, बस्स. भाड्याच्या घरात खिळे मोजून ठोकावेत.

मावशी जुन्या काळातली आहे म्हणून असं बोलते, असं वाटेल तुला. पण मी टीमना अशी घरं बदलताना पाहिलं आहे. २००१ मध्ये क्रूझकंट्रोल हा बिल्ड सर्व्हर आला. मग सन मायक्रोसिस्टिम्समध्ये कोह्सुके कावागुची यांनी हडसन लिहिलं. ओरॅकलने सन विकत घेतल्यावर नावावरून भांडण झालं आणि २०११ मध्ये त्याचं जेनकिन्स झालं. तेव्हा सर्व्हर ऑफिसातच कुठेतरी घरघरत असायचा. त्यानंतर ट्रॅव्हिस सीआय आलं. रेपोत एक फाइल टाकायची, बाकी सगळं त्यांच्याकडे, आणि ओपन सोर्सला फुकट. लोक लोटले तिकडे. २०१९ च्या जानेवारीत ती कंपनी आयडेराने घेतली, त्याच नोव्हेंबरात गिटहब अ‍ॅक्शन्स सर्वांना खुलं झालं आणि २०२१ मध्ये ट्रॅव्हिसची ओपन सोर्सची जुनी साइट बंद पडली. ज्यांच्या स्क्रिप्ट रेपोत होत्या त्यांनी सामान उचललं आणि निघाले. ज्यांनी सगळी अक्कल ट्रॅव्हिसच्या वायएमएलमध्ये ओतली होती, त्यांना ती तिथून पुन्हा खरवडून काढावी लागली.

आता किल्ल्यांचं बोलू, कारण खरा धोका तिथे आहे. बिल्ड सर्व्हरकडे काय काय असतं याचा विचार कर: क्लाउडचे पासवर्ड, पॅकेज प्रकाशित करायचे टोकन, सही करायचं सर्टिफिकेट. प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर चार कुलपं लावणारे लोक इथे मात्र कुणाचीही तयार अ‍ॅक्शन उचलून जोडतात. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-अ‍ॅक्शन्स’ची ‘चेंज्ड-फाइल्स’ नावाची साधी अ‍ॅक्शन कुणीतरी ताब्यात घेतली. कुठल्या फाइल बदलल्या, एवढंच सांगणारी ती. तेवीस हजारांहून जास्त रेपोंमध्ये होती. हल्लेखोराने तिचे जुने टॅग एका विषारी कमिटकडे वळवले आणि बिल्डमधल्या किल्ल्या लॉगमध्ये छापल्या जाऊ लागल्या. सार्वजनिक रेपोचा लॉग म्हणजे चव्हाट्यावरचा फळा. म्हणून परक्याची अ‍ॅक्शन घेताना टॅग लिहू नकोस, कमिटचा अख्खा चाळीस अक्षरी हॅश लिही. टॅग रातोरात वळवता येतो, हॅश वळवता येत नाही.

लॉगमध्ये किल्लीच्या जागी तारे दिसतात म्हणून निर्धास्तही राहू नकोस. तीच किल्ली बेस६४ करून छापली की ते तारे तिला ओळखतीलच असं नाही. बाहेरच्या माणसाच्या फोर्कवरून पुल रिक्वेस्ट आली की गिटहब तिला तुझ्या किल्ल्या देत नाही, ते बरोबरच आहे. मग टेस्ट फेल होते आणि कुणीतरी हुशार, किल्ल्या मिळाव्यात म्हणून, ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ वापरून त्याच फोर्कचा कोड चालवतो. तिथे भांडण करावं लागलं तरी कर. आणि सार्वजनिक रेपोला ऑफिसमधला स्वतःचा रनर कधीही जोडायचा नाही. कुणीही अनोळखी माणूस पुल रिक्वेस्ट पाठवून तुमच्या नेटवर्कमध्ये उतरू शकतो.

कुठली किल्ली कुठे आहे आणि ती बदलतात कशी, याची यादी मात्र आजच कर. सर्कलसीआयमध्ये शिरकाव झाल्याचं २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालं, तेव्हा त्यांनी सगळ्या ग्राहकांना सांगितलं की आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक किल्ली बदला. ज्यांच्याकडे यादी नव्हती, त्यांना आधी किल्ल्याच शोधाव्या लागल्या असणार. जमेल तिथे कायमची किल्ली ठेवूच नकोस. ओआयडीसीने बिल्डपुरती, थोड्या वेळाची परवानगी घे.

वेळेची गंमत सांगते. गिटहबचा क्रॉन मुळात यूटीसीवर चालतो. आपल्या सोमवारी पहाटे दोनला बिल्ड हवा असेल तर यूटीसीत रविवार, रात्री साडेआठ असं लिहायचं. वार बदलायला विसरलीस की मंगळवारी बोंबलत बसशील. जगभरचे लोक पूर्ण तासाला बिल्ड लावतात, त्यामुळे त्या क्षणी गर्दी होऊन उशीर होतो. आपल्या साडेच्या वेळा म्हणजे तिकडचे पूर्ण तास, तेव्हा साडेनऊ, साडेदहा टाळ आणि आडनिडं मिनिट निवड. सार्वजनिक रेपोत साठ दिवस काही हालचाल नसेल तर हे वेळापत्रक आपोआप बंद होतं, हेही ध्यानात असू दे.

बारीकसारीक: ‘उबुंटू लेटेस्ट’ लिहू नकोस, आकडा लिही, कारण २२.०४ चं २४.०४ त्यांनी आपल्या सवडीने केलं. पायथन ३.१० अवतरणचिन्हांत टाक, नाहीतर वायएमएल त्याचं ३.१ करतं. प्रत्येक जॉबला वेळेची मर्यादा घाल. न घातल्यास अडकलेला जॉब गिटहबवर सहा तास तुमची मिनिटं खात बसतो.

बिल्ड लाल झाला की ‘पुन्हा चालव’ दाबायची सवय टीमला असेल, तर मला त्या टीमची काळजी वाटते. कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट वेगळ्या जॉबमध्ये काढ, तिच्यावर कुणाचं तरी नाव टाक. बिल्ड दहा मिनिटांत संपला पाहिजे हा केंट बेकच्या वेळचा दंडक मला अजूनही मान्य आहे. त्याहून लांबला की माणसं चहाला जातात आणि परत येईपर्यंत काय बदललं होतं तेच विसरतात.

ताईला, तुझ्या आईला, वाटतं, तू रात्र-रात्र जागून कोड लिहितेस. तिला काय माहीत, निम्मा वेळ टोकन शोधण्यात जातो! बऱ्याच ठिकाणी डिप्लॉय कुणातरी सीनियरच्या वैयक्तिक टोकनवर चालतं. तो नोकरी सोडतो, अकाउंट बंद होतं आणि सगळे बिल्ड एकदम थांबतात. असं टोकन टीमच्या वेगळ्या खात्यावर हवं. तुमच्याकडे ते कुणाच्या नावावर आहे, सोमवारी बघ. आणि तो माणूस नोटीस पिरियडवर आहे का, तेही हळूच विचार.