क्रोशाची सुई आणि व्हर्नियर कॅलिपर

शीर्षक वाचून पान उलटू नका. 'क्रोशा म्हणजे रुखवतातले रुमाल आणि टीव्हीवरचं कव्हर' असं मलाही वाटायचं. गेल्या पी.एल.मध्ये घरी गेलो तेव्हा आजीने एक पिशवी माझ्या हातात ठेवली. आत टेबलक्लॉथचे ३१ चौकोन होते. एकूण करायचे होते ४८. "डोळे साथ देत नाहीत रे आता. तू इंजिनिअर होतोयस ना, बघ जमतंय का," एवढंच म्हणाली. उरलेले १७ चौकोन मी हॉस्टेलवर पूर्ण केले. रूममेटने पहिला आठवडाभर मला 'काकू' म्हणून हाक मारली आणि दुसऱ्या आठवड्यात मोबाइलसाठी कव्हर मागितलं. या उद्योगात कोणती साधनं लागली आणि कोणती पुस्तकं उपयोगी पडली, ते इथे लिहितो.

सुई

विणकामाला दोन सुया लागतात, क्रोशाला एकच, टोकाला आकडा असलेली. बारीक दोऱ्यासाठी स्टीलची आणि लोकरीसाठी ॲल्युमिनियमची, प्लॅस्टिकची किंवा बांबूची. नवशिक्याने सुरुवात ४ मि.मी.ची सुई आणि मध्यम जाडीची, फिक्या रंगाची लोकर घेऊन करावी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत आणि हॉस्टेलच्या ट्यूबलाइटमध्ये तर मुळीच नाहीत. आपल्याकडे 'पोनी'च्या भारतात बनलेल्या सुया सहज मिळतात. जपानच्या 'ट्युलिप' आणि 'क्लोव्हर' यांच्या मऊ मुठीच्या सुया महाग असतात, पण तासन् तास काम केलं तरी बोटं दुखत नाहीत.

सुईच्या नंबरवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अमेरिकन पद्धतीत मोठ्या सुयांना अक्षरं असतात (जी म्हणजे ४ मि.मी., एच म्हणजे ५ मि.मी.), तर जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. दोऱ्याचंही तसंच, ४० नंबरचा दोरा २० नंबरपेक्षा बारीक. म्हणून नेहमी मि.मी. पाहून सुई घ्यावी.

आजीच्या सुईवरचा नंबर घासून गेला होता. मी ती मेट्रॉलॉजी लॅबमध्ये नेली आणि व्हर्नियरने मोजली. माप आकड्याच्या लगेच मागच्या सरळ दांड्याचं घ्यायचं असतं. अंगठा टेकवायच्या चपट्या जागेचं घेतलं की चुकतं. उत्तर आलं १.२५ मि.मी. तेवढीच नवी सुई आणली आणि तीन चौकोन विणले. आजीचा चौकोन ९ सें.मी.चा, माझा ९.६. आठ चौकोनांची एक ओळ धरली तर जवळजवळ ५ सें.मी.चा फरक! सुई तीच, दोरा तोच, मग चुकलं कुठे? आजीला फोन केला. ती म्हणाली, "तुझा हात सैल आहे. उसव आणि बारीक सुई घे." १ मि.मी.ची सुई घेतली आणि चौकोन बरोबर ९ सें.मी.चा आला.

यातून शिकलेला धडा असा : सुईचा आकार हा इनपुट आहे, मोजायचं असतं ते आऊटपुट. मोठं काम हाती घेण्याआधी साधारण १२ सें.मी.चा नमुना विणा, मधल्या १० सें.मी.त किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. टाके कमी भरले तर सुई बारीक करा, जास्त भरले तर जाड.

बाकीचा सरंजाम

मेजरटेप, छोटी कात्री आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई. खुणेचा टाका लक्षात ठेवायला विकतचे मार्कर मिळतात, पण सेफ्टी पिनेनेही भागतं. गोल विणताना फेरी कुठे सुरू झाली ते कळलं नाही तर सगळी मोजणी कोसळते, तेव्हा पिन हवीच. आणि ओळींची नोंद ठेवायला एक वही. जर्नलच्या मागच्या पानांना यापेक्षा चांगला उपयोग नाही.

थोडं गणित

मुका खांब हा टाका जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणजे सपाट चकती विणताना प्रत्येक फेरीला त्रिज्या एका टाक्याने वाढते आणि परीघ २π, म्हणजे सुमारे ६.२८ टाक्यांनी वाढला पाहिजे. म्हणूनच आज्या-पणज्या ६, १२, १८, २४ असे टाके मोजत आल्या. साधा खांब सुमारे दुप्पट उंच, म्हणून तिथे प्रत्येक फेरीला १२ वाढवतात. सहापेक्षा कमी वाढवलेत तर चकतीची वाटी होते, जास्त वाढवलेत तर कडेला झालर पडते.

या झालरीतच एक मोठी गोष्ट दडलेली आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये हायपरबोलिक पृष्ठभाग क्रोशाने विणला. कागदी मॉडेल फाटायची. क्रोशाचं मॉडेल हातात घेऊन दुमडता येतं, त्यावर रेघा शिवता येतात. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत राहायचं, बस्स.

पुस्तकं

१. टायमिना यांचंच 'क्रोशेटिंग ॲडव्हेंचर्स विथ हायपरबोलिक प्लेन्स' (२००९). त्या वर्षीच्या सर्वात विचित्र नावाच्या पुस्तकाचं बक्षीस याला मिळालं आणि २०१२ मध्ये गणिताच्या पुस्तकांसाठीचं ऑयलर पारितोषिकही. एम-थ्रीमध्ये अडकलेल्यांनीही वाचावं.

२. एडी एकमन यांचं 'द क्रोशे आन्सर बुक' (२००५). प्रश्न आणि उत्तर अशी मांडणी. 'माझी कड तिरकी का जाते?' या प्रश्नाचं उत्तर मला इथेच मिळालं : ओळीचा शेवटचा टाका मी दरवेळी सोडत होतो.

३. तेरेझ द दिलमों यांचा १८८६ चा भरतकाम-विणकामाचा कोश. कॉपीराइट संपलेला असल्याने इंग्रजी आवृत्ती नेटवर फुकट मिळते. टाक्यांची नावं जुनी आहेत, चित्रांवर भिस्त ठेवा.

४. जपानी नमुन्यांची पुस्तकं. भाषा येत नसली तरी चालतं, कारण सगळं चिन्हांत असतं. लंबगोल म्हणजे साखळी, आडवी रेघ मारलेला 'टी' म्हणजे खांब. सर्किट डायग्राम वाचता येतो त्याला हे अवघड नाही. इंग्रजी नमुन्यांत मात्र जपून! अमेरिकेचा 'सिंगल क्रोशे' म्हणजे ब्रिटनचा 'डबल क्रोशे' आणि आपला मुका खांब. एककांच्या अशाच गोंधळात १९९९ मध्ये 'नासा'चं मंगळाकडे गेलेलं यान गमावलं. आपला फार तर टेबलक्लॉथ जाईल.

५. मारिया मीस यांचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' (१९८२). यात एकही नमुना नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका घरी बसून क्रोशाची लेस विणायच्या, ती परदेशी जायची, पण त्यांना कामगार कुणी म्हणत नसे. गृहिणी, फावल्या वेळात विणतात, असं म्हणून मजुरी नाममात्र ठेवली जायची.

हे पाचवं पुस्तक वाचल्यावर मी वर्क स्टडीच्या तासाला शिकवलं होतं तसं आजीचं काम मोजलं. आजीला एका चौकोनाला ५० मिनिटं लागायची. ४८ चौकोनांचे २४०० मिनिटं, म्हणजे ४० तास, जोडकाम वेगळंच. मला एका चौकोनाला सुरुवातीला दीड तास लागत होता. आमच्या घरात या सगळ्याला 'आजीचा टाइमपास' म्हणतात. मीही म्हणायचो.

शेवटचा एक सल्ला. दोरा तोडताना १५ सें.मी.चं टोक ठेवा आणि बोथट सुईने ते उलटसुलट दिशेने आतल्या टाक्यांत ओवून घ्या. मी घाईत आखूड कापत गेलो. दिवाळीला पुरा झालेला टेबलक्लॉथ आजीच्या मांडीवर ठेवला. तिला नीट दिसत नव्हतं. मागच्या बाजूने बोटं फिरवत गेली आणि एका चौकोनावर थांबली.

"हा तुझा," म्हणाली. "टोक सुटतंय. सुई आण, शिकवते."