बी की डी? विशेष मुलांची इंग्रजीची शिक्षिका

बी.ए.ला इंग्रजी घेतलेली मुलगी घरी सांगते, "मला विशेष मुलांना इंग्रजी शिकवायचंय." आई म्हणते, "पुण्याचं काम आहे गं, पण पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे. पण त्यातला 'पुण्य' हा शब्द आधी बाजूला ठेवू. हे काम कौशल्याचं आहे, आणि ते शिकावं लागतं.

मराठीत 'कमळ' वाचताना अक्षर दगा देत नाही. इंग्रजीत मात्र 'कॅट'मधला सी 'क' म्हणतो, 'सिटी'मधला 'स'. त्यात बी आणि डी म्हणजे एकमेकांची आरशातली रूपं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अध्ययन अक्षमता, असलेलं मूल इथे अडतं. दहादा लिहायला लावून ते सुधारत नाही. एका वेळी एकच ध्वनी घ्यायचा, तो ऐकवायचा, बोलून घ्यायचा, वाळूत बोटाने गिरवून घ्यायचा, आणि पक्का झाल्यावरच पुढे जायचं.

कर्णबधिर मुलाची अडचण निराळी. इंग्रजी त्याच्या कानावर पडलेलीच नसते, ती फक्त डोळ्यांना दिसते. ते 'बॉय स्कूल गो' असं लिहितं. लाल शाई उचलण्याआधी जरा थांबा. भारतीय सांकेतिक भाषेत क्रियापद बहुतेकदा शेवटी येतं, आपल्या 'मुलगा शाळेत जातो'सारखंच. 'द', 'इज' यांची तिथे गरज पडत नाही. मुलाने स्वतःच्या भाषेचं व्याकरण इंग्रजीत आणलंय, हे ओळखायला शिक्षिकेला सांकेतिक भाषा यायलाच हवी. अंध मुलांसाठी ब्रेल हवी. संगणकाने वाचून दाखवलेलंच ऐकत राहिलं, तर स्पेलिंग कच्चं राहतं.

आता पोटाचं. नोकरीसाठी आधी पात्रता हवी: बारावीनंतर डी.एड., पदवीनंतर बी.एड., दोन्ही 'स्पेशल एज्युकेशन'मधले. श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता अशा शाखांतून एक निवडायची. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रातली मोठी संस्था. अभ्यासक्रमानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करायची. १९९२च्या कायद्यानुसार ती सक्तीची आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, त्यांत अध्ययन अक्षमताही आहे. ही मुलं आता नेहमीच्या शाळांतही शिकतात. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे आणि त्यावरच्या वर्गांत १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्ष भरती त्या प्रमाणात झालेली नाही, हे पालकांपासून लपवण्यात अर्थ नाही. खासगी शाळांत पुष्कळ जागा कंत्राटी असतात आणि पगार शाळेगणिक बदलतो. पहिली काही वर्षं ओढाताणीची जाऊ शकतात. तरीही इंग्रजीवर पकड आणि परिषदेची नोंदणी, दोन्ही असलेली माणसं मला फार थोडी भेटली आहेत, म्हणून मी या वाटेला नको म्हणत नाही.

आईंना एवढंच सांगतो: अर्ज भरण्याआधी लेकीला जवळच्या विशेष शाळेत महिनाभर मदतनीस म्हणून बसू द्या. तोच बी चाळिसाव्यांदा डी झाल्यावर तिला काय वाटतं, ते संध्याकाळी तिला विचारा. आणि फी भरण्याआधी निवडलेल्या कॉलेजच्या त्याच शाखेला परिषदेची मान्यता चालू आहे का, ते परिषदेच्या यादीत स्वतः पाहा.