मदर गूजच्या गोष्टी : एक बाहुलीपट

इंग्रजी बालगीतांचा वारसा ‘मदर गूज’ या नावाशी जोडला गेला आहे. मदर गूज ही कोणी ऐतिहासिक स्त्री नव्हे. फ्रान्समधील शार्ल पेरो याच्या १६९७ सालच्या परीकथासंग्रहाशी हे नाव निगडित झाले आणि अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये ते बालगीतांच्या संग्रहांना मिळाले. या भांडारातील चार गीतांवर रे हॅरिहाउझेन या अमेरिकन कलावंताने १९४६ साली ‘मदर गूज स्टोरीज’ हा सुमारे दहा मिनिटांचा बाहुलीपट तयार केला.

हॅरिहाउझेन यांचा जन्म १९२० साली लॉस एंजेलिस येथे झाला. १९३३ साली ‘किंग काँग’ पाहिल्यापासून निर्जीव आकृतीला चालती-बोलती करण्याचा त्यांना ध्यास लागला. जॉर्ज पाल यांच्या बाहुलीपटांवर काही काळ उमेदवारी केल्यानंतर महायुद्धाची वर्षे सैन्याच्या चित्रपट विभागात गेली. युद्ध संपले तेव्हा हाती कौशल्य होते, पण ते दाखवावे असे स्वतःचे काम नव्हते. सैन्यदलाने टाकाऊ ठरवलेली १६ मिलिमीटरची फिल्म त्यांनी मिळवली आणि घरीच काम आरंभिले. यंत्रकाम जाणणाऱ्या वडिलांनी बाहुल्यांचे धातूचे सांगाडे घडवले. आईने त्यांचे कपडे शिवले.

बाहुलीपटाची रीत सांगायला सोपी, करायला अतिशय कठीण असते. बाहुली किंचित हलवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. म्हणजे दहा मिनिटांसाठी सुमारे १४,४०० चित्रे लागतात. पाल यांच्या पद्धतीत प्रत्येक हालचालीसाठी लाकडाची वेगवेगळी आकृती कोरलेली असे. हॅरिहाउझेन यांनी सांध्यांत वाकणारा एकच सांगाडा पसंत केला, आणि चेहऱ्यावरील भावांसाठी तेवढी निरनिराळी डोकी बनवली.

लिटल मिस मफेट, ओल्ड मदर हबर्ड, क्वीन ऑफ हार्ट्स आणि हम्प्टी डम्प्टी ही ती चार गीते. त्यांतील काही मुळातच अत्यंत तोकडी आहेत. मिस मफेट खायला बसते, कोळी येतो, ती पळून जाते. भीतीचे वर्णन नाही, कारण नाही, तात्पर्यही नाही. गीत एका घटनेवरून दुसऱ्या घटनेवर उडी मारते. बाहुलीला मात्र अशी उडी मारता येत नाही. तिला मान वळवावी लागते, पाहावे लागते, दचकावे लागते. गीताने गाळलेला हा मधला अवकाश बाहुलीपट भरून काढतो, आणि त्याची गोडी तेथेच आहे.

हम्प्टी डम्प्टीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तो अंडे आहे, असे ते गीत कोठेही सांगत नाही. मूळचे ते एक कोडे असावे असे मानले जाते : पडल्यावर जे कोणालाही सांधता येत नाही, ते काय? चित्र काढताच कोड्याचे उत्तर फुटते. तेव्हा चित्रकाराला वा बाहुलीकाराला आनंदाचे दुसरे स्थान शोधावे लागते. मग ‘तो काय आहे’ हा प्रश्न उरत नाही. ‘तो आता पडणार’ ही ठाऊक असलेली गोष्ट घडण्याची वाट पाहणे हाच खेळ होतो. मूल एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकते, ते याच आनंदासाठी.

बारकाईने पाहणाऱ्याला या बाहुल्यांच्या हालचालींत किंचित थरथर जाणवते. तिला दोष म्हणता येईल. परंतु प्रत्येक चित्रापूर्वी बाहुलीला एका माणसाचा हात लागला होता, याची ती खूणही आहे.

हा लघुपट शाळांमधून दाखवला गेला आणि पुढील काही वर्षांत हॅरिहाउझेन यांनी ‘लिटल रेड रायडिंग हूड’, ‘हान्सेल अँड ग्रेटेल’, ‘रापुन्झेल’ आणि ‘किंग मिडास’ या कथाही याच पद्धतीने चित्रित केल्या. ससा आणि कासव यांची कथा त्यांनी १९५२ साली सुरू केली, पण ती अर्धवट राहिली. दोन तरुण कलावंतांच्या साहाय्याने ती २००२ साली पुरी झाली. दरम्यान १९६३ सालच्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये त्यांनी सात सांगाड्यांना तलवारी देऊन लढवले होते. २०१३ साली त्यांचे निधन झाले. त्या सांगाड्यांचा दरारा मोठा आहे. परंतु त्यांच्या सांध्यांतील शिस्त एका घरात, आईने शिवलेल्या झग्यांखाली, आधीच तयार झालेली होती.