मागे पडणारे मूल आणि त्याचे बाळपण

‘मठ्ठ’ हा शेरा मारण्यास क्षणही पुरतो. तो मठ्ठपणा केव्हापासूनचा, याची चौकशी मात्र क्वचितच होते. शिकण्याची शक्ती हजेरीपटावर नाव चढल्या दिवसापासून सुरू होत नाही; मेंदूची वाढ गर्भावस्थेतच वेग घेते आणि पहिल्या दोन वर्षांत तिचा फार मोठा भाग होऊन जातो.

याचा दाखला पुणे जिल्ह्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांच्या आहाराचा अभ्यास हाती घेतला आणि त्यांच्या मुलांची तपासणी पुढे वर्षानुवर्षे चालू ठेवली. गर्भारपणी ज्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व अत्यल्प होते व ज्यांच्या रक्तात ते भरपूर होते, अशा मातांच्या मुलांची वयाच्या नवव्या वर्षी तुलना झाली. आकृत्यांवरून तर्क करण्यात दोन्ही गट जवळजवळ सारखेच ठरले. परंतु लक्ष टिकविण्यात आणि ऐकलेले अंक उलट क्रमाने सांगण्यात पहिल्या गटातील मुले मागे पडली. तोंडी हिशेबात नेमके हेच लागते. रीत कळलेली असते, पण हातचा ध्यानात राहत नाही! अशा मुलास निर्बुद्ध म्हणणे अन्यायाचे आहे. त्याला पाटीवर अंक मांडू द्यावेत. अर्थात हा फरक गटांच्या सरासरीचा आहे. एकट्या मुलाचे भविष्य त्यावरून वर्तवू नये.

हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस यांतून मिळते. नुसत्या भाजीभाकरीतून मिळत नाही. पालकसभेत मातांना एवढे सांगितले तरी पुष्कळ.

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा शहरालगतच्या गावांत मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले वर्षाच्या मध्यासही दाखल होतात. दाखल्यासोबत माता व बाल संरक्षण कार्ड मागून पाहावे. त्यात लसी व वजनाचा आलेख असतो. कार्ड गावी राहिले असल्यास आईला विचारावे: जन्मतः वजन किती होते, गोवर झाला होता काय, कान वाहतो काय? वाहत्या कानाचे मूल ‘दुर्लक्ष करते’ असे वाटते. वस्तुतः त्याला शिक्षकांचे बोलणेच अर्धवट ऐकू येत असते. जंतांमुळे रक्त कमी झालेले मूल दुपारी पेंगते. या दोन्ही गोष्टी औषधाने सुधारू शकतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते त्या दिवशी नेमकी हीच मुले पुष्कळदा गैरहजर असतात. त्यांची नावे वेगळ्या कागदावर लिहून पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्यावीत आणि पुन्हा तपासणीची तारीख त्याच वेळी ठरवून घ्यावी.