एका एकवीस अंकी संख्येचे अवयव

दोनाचा ६७ वा घात करून त्यातून एक वजा केला असता १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या येते. मर्सेन नामक फ्रेंच मठवासी गणितज्ञाने १६४४ साली ती मूळ संख्या मानिली. १८७६ साली लुकास ह्यांनी तिला अवयव आहेतच, असे सिद्ध केले. परंतु अवयव एकही हाती आला नाही! हीच गोष्ट आम्हांस सर्वांत विलक्षण वाटते. पुढे १९०३ साली अमेरिकेतील प्रोफेसर कोल ह्यांनी ते दाखविले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. विद्यार्थ्यांनी नवाचा ताळा पाहावा. तिन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज करीत गेल्यास अखेर १ च उरतो. तथापि ताळा जमला म्हणजे गुणाकार बिनचूक ठरतोच असे नव्हे. यास्तव गुणाकारही करावा. वही मात्र आडवी धरावी लागेल.