तीन सिलिंडरांवर घर गाठताना

भाच्या, जुनी डिझेल जीप घेतलीस, आता वडापवाले फुकट सल्ले देतीलच. तरी मामाचा हा कागद डॅशबोर्डच्या खणात ठेव. चारांतला एक सिलिंडर बंद करून गाडी घरापर्यंत आणता येते, पण कधी आणू नये ते आधी कळायला हवं.

१. ठोका जाणवला की पहिल्यांदा गाणी बंद कर — पान्याआधी कान, घाईआधी भान.

२. इंजिन बंद करून डिपस्टिक काढ आणि हुंग. ऑइल वाढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर पुन्हा सेल मारू नको — पातळ ऑइल बेअरिंगला वाचवत नाही. नोझलपायी क्रँक जातो.

३. रेडिएटरचं पाणी कारण नसताना कमी होत असेल तरीही गाडी हलवू नको — गास्केट गेलं की पाणी सिलिंडरात उतरतं, आणि पाणी काही हवेसारखं दबत नाही. दबतो तो कनेक्टिंग रॉड.

४. दोन्ही ठीक असतील तर चोर शोध. इंजिन आयडलला ठेव, तोंड बाजूला कर आणि एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा ढिला करून परत आवळ. फरकच पडला नाही तर तो सिलिंडर आधीच मेलेला. ठोका थांबला तर दुखणं तिथंच. खडूनं खूण कर — एक नंबर पुढून की मागून, यावर दोन मिस्त्री कधी एकमतानं बोलत नाहीत.

५. इंजिन बंद करून तो पाइप नोझलवरून सोडव, त्याला रबरी नळी लावून तोंड बाटलीत सोड, नोझल स्वच्छ टोपणानं झाक. नट नुसता ढिला ठेवून निघू नको — डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं की जाळ होतो. आणि शहाणपणा करून पाइपाचं तोंड बोल्टनं बुजवू नको — पंप डिझेल ढकलतच राहतो. वाट नाही मिळाली तर पाइप फुटेल, नाहीतर पंप. बाटली सायलेन्सरपासून लांब तारेनं बांध आणि अधूनमधून बघ, ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते.

६. माणसं उतरव, ओझं उतरव, चाळीसच्या आत चाल. कराडहून आष्ट्यावरून सांगली चालेल. पसरणी, कुंभार्ली नको, पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ तर नकोच — ताकद पावभर जाते, आणि वर मेलेल्या सिलिंडराचं घर्षण उरलेल्या तिघांनाच ओढावं लागतं. चौथा बैल लंगडा, तर तिघांनी गोठा गाठायचा, नांगर धरायचा नाही.

७. डिझेल तोडलं म्हणजे पिस्टन थांबला असं नाही, तो वरखाली होतच राहतो. म्हणून पाइप काढूनही खालून ठणठण येत असेल तर थेट टोचन लाव — रॉड सुटला की ब्लॉक फोडूनच बाहेर येतो. आडरानात पिस्टन आणि रॉड बाहेर काढून गाडी आणणारे जुने मिस्त्री असतात. पण ते क्रँकवरचं ऑइलचं भोकही बुजवतात, नाहीतर सगळं प्रेशर तिथूनच जातं. ते काम त्यांचं, तुझं नव्हे.

८. दाजींच्या कॉमन रेल गाडीला यातलं काही लावू नको. टायरात हवेचा दाब दोन-अडीच बार असतो, त्या रेलमध्ये डिझेलचा हजाराच्या वर जातो — नट ढिला केलास तर डिझेलची धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक मिरजेला सर्जन गाठायचा. चालू इंजिनावर इंजेक्टरची वायरही काढू नको — काही जातींचा इंजेक्टर उघडाच राहतो. आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरात फिल्टर असतो, कच्चं डिझेल तिथं जाऊन पेटतं. तिला टोचनच बरं, लाज कसली?

९. कृष्णाकाठच्या मळ्यात पाणी ओढणाऱ्या कूपर-किर्लोस्करच्या एक सिलिंडरी इंजिनांना ही चैनच नव्हती. एकुलता बिघडला की पाणी बंद. तुझ्याकडे चार आहेत म्हणून महिनाभर तीनवर फिरू नको — पंप, माउंटिंग, क्लच, सगळे मिळून बिल काढतात.

१०. घरी पोचलास की चावीला चिठ्ठी बांध: ‘एक सिलिंडर बंद, चालवू नये.’ नाहीतर सकाळी दाजी हीच जीप घेऊन पुण्याला निघतील.