ट्रायम्फ टीआर५टी : विसार देण्यापूर्वी

ट्रायम्फ टीआर५टी ही डांबरी रस्ता आणि रानवाट अशा दोन्हींवर चालणारी ब्रिटिश मोटारसायकल. ब्रिटनमध्ये ती ‘अ‍ॅडव्हेंचरर’ म्हणून विकली गेली, अमेरिकेत ‘ट्रॉफी ट्रेल’ म्हणून. खरे तर ही जोडकामाची गाडी. टी१०० घराण्यातले ४९० सीसीचे जुळे इंजिन एका कार्ब्युरेटरवर आणून ते बीएसएच्या बी५० या एकसिलिंडरी गाडीच्या फ्रेममध्ये बसवले होते. दोन्ही कारखाने एकाच समूहाचे असल्याने हे सहज जमले, आणि नाके मुरडणाऱ्यांनी कितीही मुरडली तरी जमले ते चांगलेच. सप्टेंबर १९७३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या कसोटीत ब्रिटिश संघ याच गाडीच्या खास तयार केलेल्या आवृत्तीवर उतरला आणि ट्रॉफी गटात दुसरा आला.

त्याच महिन्यात ट्रायम्फचा मेरिडेन येथील कारखाना बंद होणार असल्याचे जाहीर झाले. कामगारांनी फाटके अडवली. पुढे १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली, पण तिने सुरुवातीला ७५० सीसीच्याच गाड्या बनवल्या. त्यामुळे टीआर५टी १९७४ च्या पुढे गेलीच नाही. तिचे दुर्मीळपण यातून आले.

तिचे तेल फ्रेमच्या नळ्यांत राहते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते. पातळी कमी दिसते म्हणून वरून तेल ओतले, तर इंजिन सुरू होताच धुराचे लोट निघतात आणि जास्तीचे तेल मिळेल त्या वाटेने बाहेर येते. आधी इंजिन थोडे चालवून तेल फ्रेममध्ये परत येऊ द्यावे, मगच पातळी मोजावी. बॅटरीचे धन टोक अर्थला जोडलेले असते. सवयीने उलटी जोडणी केली की रेक्टिफायर जळतो.

सर्वांत महागात पडते ती बनावट गाडी. इंजिन एका गाडीचे, फ्रेम दुसरीची हे मुळातच असल्याने सुट्या भागांतून हुबेहूब जोडणी करता येते. इंजिन आणि फ्रेमवरचा क्रमांक एकच हवा. त्यात महिना व वर्ष सांगणारी दोन अक्षरे असतात. दुसरे अक्षर एच म्हणजे १९७३, जे म्हणजे १९७४. इंजिनावर हा क्रमांक डावीकडे, सिलिंडरच्या बुडाशी, ट्रायम्फच्या बारीक ठशांच्या नक्षीवर ठोकलेला असतो. तिथे कानस फिरली असेल तर नक्षी पुसट होते. त्या जागी रंगाचा थर असेल, तर तो काढून दाखवेपर्यंत विसार देऊ नये.